ताटावर आडवा हात

विश्रांतवाडीतल्या एका लग्नाच्या पंगतीत मी जिलेबी वाढत होतो. एका फेटेवाल्या आजोबांनी हसतच ताटावर आडवा हात धरला. वधूपिता धावत आले.

"अहो, एक तरी घ्या! मांडवाचा मान आहे!"

"पाव्हणं, बीपी जुनं हाय. डाक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या कडक झाल्यात, आता शुगरचीबी भीती हाय. तुमचा मान ऱ्हाईल, पण नातीच्या लग्नाला मी नको का ऱ्हायला?"

हात तसाच होता. पंगतीतला आग्रह हा जुलूमच, असं मी एरवी वाटत असलेल्या आरोग्याच्या पत्रकांतून ओरडून सांगतो. आजोबा तेच किती गोडीनं सांगत होते!

वधूपिता वळून माझ्यावरच गरजले, "अरे, बघतोस काय? काकडी आण!"

आजोबांनी ती दोनदा मागून घेतली.