मालडब्याची चौथी बाजू

मी गेली अकरा वर्षं रेल्वेचे जुने मालडबे बनवते. खरे नव्हेत, टेबलावर मावणारे. खऱ्यापेक्षा बत्तीसपट लहान. चोवीस फुटांचा डबा माझ्याकडे वीतभर होतो आणि त्यावरचा रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा गोल डोक्याचा खिळा, खसखशीच्या दाण्याएवढा. लोक विचारतात, इंजिनं का नाही करत? माझे वडील भुसावळला मालडब्यांवर अक्षरं रंगवायचे. डब्याचा नंबर, रिकाम्या डब्याचं वजन, दुरुस्तीची तारीख. आमच्या घरात इंजिनाचं कौतुक कधी कुणी केलंच नाही.

लग्नानंतर बोईसरला आले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढते. टाक्या, पाइप, शिड्या, कठडे. पूर्वी हाताने काढायचे, आता सगळं कॉम्प्युटरवर. हाताचं काम गेलं तेव्हा बोटांना काहीतरी हवं म्हणून हा उद्योग सुरू केला. सरावलीतल्या आमच्या घराच्या गॅलरीत एक टेबल, एक दिवा, एक भिंग. नवरा पाळीवरून आला की दारातूनच म्हणतो, "डोळे जातील तुझे." मी म्हणते, "जातील." आमचं ह्यावरचं भांडण कधीच संपून गेलंय, आता नुसती वाक्यं उरली आहेत.

हा शेवटचा डबा करायला घेतला तेव्हाच मी थकलेली होते, हे आता कळतं. चार चाकांचा, बंद, दोन्ही लांब बाजूंना मधोमध दोन पल्ल्यांचं लोखंडी दार असलेला. असे डबे मालगाड्यांतून कधीचेच बाद झाले. जुन्या छापील आराखड्यांवरून तो बनवता येतो, पण आराखड्यात डबा नवाकोरा असतो. कुठे पत्रा चेपला, कुठे पट्टी बदलली, गंज कुठून खाली ओघळला, हे आराखडा सांगत नाही. त्यासाठी खरा डबा लागतो. शिवाय फोनवर आम्हा हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. दहा-बारा जण, देशभर विखुरलेले. कुणी कामाचा फोटो टाकला की पहिला प्रश्न येतो, "संदर्भ काय?" आणि दुसरा, "रिव्हेट मोजलेत का?"

खरा डबा मला वाणगावच्या पुढे सापडला. रुळांपासून जरा आत, चिकूच्या एका वाडीच्या कुंपणाला खेटून तो बसला होता. बसलाच होता म्हणायचं, कारण चाकं काढून नुसतं धड जुन्या लाकडी स्लीपरांवर ठेवलेलं होतं. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगची अवजारं त्यात ठेवत. आता तेही बंद झालं होतं. जवळच एक घर होतं आणि तिथे एक म्हातारे काका ओट्यावर बसलेले असत. त्याच गँगमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले.

पहिल्या दिवशी मी टेप काढली तेव्हा ते उठून आले.

"सरकारी मान्सं का तुमी?"

"नाही हो काका. ह्याचं छोटं मॉडेल करायचंय. मापं घेते."

ते वाकून बघू लागले. मी पट्टीवरचे रिव्हेट खडूने खुणा करत मोजत होते.

"खिळं मोजून काय भेटतं तुमाला, ताई?"

मी पुढच्या खिळ्यावर खूण केली. ते हसले आणि घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यानंतर दर सुट्टीला मी स्कूटरवरून जायची. दरवेळी एखादी बाजू, एखादा कोपरा. काका टेपचं दुसरं टोक धरून उभे राहत. त्यांना माप वाचता यायचं आणि माझ्यापेक्षा लांबचं बरं दिसायचं. रुळांकडची बाजू झाली. दोन्ही टोकं झाली. राहिली ती कुंपणाकडची बाजू. तिथे घाणेरीची झुडपं छातीपर्यंत वाढली होती.

"तिकडं नका जाऊ," काका म्हणाले. "जनावर हाय."

जनावर म्हणजे साप. मी म्हटलं, काठीने झुडपं बाजूला करू. ते म्हणाले, पाऊस सरू दे. पाऊस सरला तेव्हा म्हणाले, थंडीत ती उन्हाला येतात, आता तर नकोच. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं. आठवडाभर कारखान्यात मान मोडायची आणि सुट्टीला काट्यांत शिरायचं, हे नको वाटायचं. चौथी बाजू उन्हाळ्यात बघू, असं मी ठरवलं.

दरम्यान तीन बाजू घरी तयार होत होत्या. शीतपेयाच्या कॅनचा पातळ पत्रा कापायचा, त्याच्या पाठीवर बोथट सुई टेकवून दाबायची, की पुढच्या अंगाला एक रिव्हेट उठतो. मग पुढचा. रांगेत एक जरी तसूभर सरकला तरी पट्टी फेकून द्यायची. एका संध्याकाळी तीन पट्ट्या फेकल्या आणि चौथीला हात लावला नाही. दिवा बंद करून भाजी चिरायला बसले. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की हे मी कुणासाठी करतेय?

फेब्रुवारीच्या अखेरीस घरातल्या आजारपणांत तीन सुट्ट्या गेल्या. चौथ्या सुट्टीला पोहोचले तर डबा नव्हता.

स्लीपर होते. त्यांच्यामध्ये चौकोनी, फिकट, गवत नसलेली जमीन होती. पत्र्याचे काही कातरलेले तुकडे आणि जळलेल्या रंगाचा वास. झुडपंही साफ केली होती. मी स्कूटरवरून उतरलेच नाही. काका ओट्यावरून म्हणाले, "नव्या लायनीचं काम निगालं. गॅसनी कापून नेला. दोन दिवसांत."

मला रडू आलं नाही. सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं, की आता झुडपांत शिरायला नको. मग त्याची लाज वाटली. मग पाठ दुखायला लागली, म्हणून ओट्यावर जाऊन बसले.

"तुमचा फोन नंबर मागून घ्यायला पायजे व्हता," काका म्हणाले. "सुचलं नाय."

"असू दे, काका. तीन बाजू मिळाल्या. चौथी मी रुळांकडच्या बाजूसारखीच धरते. दोन्ही बाजू सारख्याच असतात."

 आतून काकूंचा आवाज आला. इतक्या महिन्यांत त्या माझ्याशी चहापाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

"तशी नव्हती ती बाजू."

"तू गप," काका म्हणाले.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला तांदळाचं पीठ होतं. "आता काय गप? डबाच नाय रायला. कोन येतंय तुमची पेन्शन काडून घ्यायला?"

काका मान खाली घालून बसले. काकू ओट्याच्या कडेला टेकल्या आणि मला सांगू लागल्या.

त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी वादळात झोपडीचं छप्पर उडालं. राहायला जागा नाही. गँगच्या मुकादमाने डोळेझाक केली आणि दोघं त्या डब्यात राहायला गेली. अवजारं एका कोपऱ्यात, चूल बाहेर. दोन महिने म्हणून गेले ते पाच महिने राहिले.

"उनाचा डबा असा तापायचा, बाय, हात लावाया नको. मला चवथा म्हयना. कुपनाकडचं दार गंजून बसलेलं, हिकडचं उगडं ठेवावं तर रुळावरनं येनारं-जानारं बगतंय. मला दम लागायचा. एकदा चक्कर येऊन पडली मी. मंग ह्यांनी छिन्नी घेतली न् हातोडा."

"दोन दुपारी लागल्या," काका हळूच म्हणाले.

कुंपणाच्या बाजूला, जिकडून कुणाला दिसणार नाही, त्यांनी पत्र्यात खिडकी पाडली होती. सरकारी डब्यात. पुढे छप्पर झालं, दोघं घरी परत आली आणि कुणी साहेब पाहणीला येणार असं कळलं, तेव्हा काकांनी कुठूनसा एक पत्र्याचा तुकडा आणून त्या भोकावर बसवला. रिव्हेट मारायची सोय नव्हती, म्हणून नट-बोल्ट. झुडपं त्यांनी स्वतः वाढू दिली. नोकरीभर कधी कुणी तिकडे वळलं की ते काहीतरी निमित्त काढून त्याला मागे फिरवायचे, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही.

"म्हणजे साप नव्हताच," मी म्हटलं.

"असंल पन," काका म्हणाले. "मी कवा बगितला नाय."

काकू खळखळून हसल्या. मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते आठवेना.

मी वही काढली. खिडकी केवढी? काकूंनी पिठाचा हात माझ्यापुढे धरला. "रुंदीला माझ्या दोन वीत, न् वर चार बोटं. उंचीला दोनच." मी त्यांची वीत टेपने मोजली. बोल्ट किती? बारा, काका म्हणाले. जरा थांबून म्हणाले, अकरा. खालच्या कोपऱ्यात एकाचं भोक पडलं पण बोल्टच उरला नव्हता.

घरी येऊन मी चौथी बाजू करायला घेतली. दार, पट्ट्या, रिव्हेट हे समोरच्या बाजूवरून. दाराच्या डावीकडे ठिगळ. बोल्टची डोकी षटकोनी असतात आणि रिव्हेटची गोल, त्यामुळे सुईने दाबून भागणार नव्हतं. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ताणायची, तिला सहा कडा घासायच्या आणि ब्लेडने चकत्या पाडायच्या. अर्ध्या मिलिमीटरची एक चकती शिंकेने उडाली तर पुन्हा सापडत नाही. अकरांसाठी मी चाळीसएक पाडल्या असतील. ह्या कामाला मला दीड महिना लागला. मधले काही आठवडे टेबलाकडे फिरकलेही नाही.

ग्रुपवर फोटो टाकला. एकाने लिहिलं, ह्या प्रकारच्या डब्याला तिथे कधीच ठिगळ नसतं. दुसऱ्याने विचारलं, संदर्भ काय? मी टाइप केलं, "तिथे राहिलेली बाई." मग ते पुसलं आणि काहीच लिहिलं नाही. काकांची भीती मला ठाऊक होती.

रंग, गंज, वडिलांच्या पद्धतीची पांढरी अक्षरं, सगळं झाल्यावर डबा बुटांच्या खोक्यात कापसात ठेवून वाणगावला नेला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला. रुळांकडची बाजू बघितली नाही, टोकं बघितली नाहीत. सरळ उलटा फिरवला आणि ठिगळावर बोट टेकवलं.

"ताई, लई चांगला झालाय."

मी वाट बघत होते. इतक्या वर्षांच्या सवयीने मला कळतं, पुढे 'पण' आहे.

"पन हे वर झालं. खाली घ्या."

"खिडकी एवढ्या उंचीवर असते ना, काका?"

"उभ्या मानसाची. ती उभी कवा रायची? पोटाशी होती. भिंतीला टेकून बसून असायची. बसल्यावर तिच्या तोंडावर वारा यावा म्हनून पाडलेली मी."

काकू शेजारीच उभ्या होत्या.  त्यांनी पदराने डबा पुसायला घेतला, जणू त्यावर धूळ होती, आणि मी लावलेल्या गंजाची थोडी भुकटी पदराला लागली. 

मी त्यांना म्हटलं, दुरुस्त करून आणते आणि हा इथेच ठेवा. काकांनी मान हलवली. "नको. नातवंडं हायत, दोन दिवसांत मोडतील. न् आमी त्यात रायलोय, आता बगायला कशाला ठेवायचा?" ते हे साधेपणाने म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

घरी आले. ठिगळ खाली घ्यायचं म्हणजे आख्खी बाजू उचकटायची. पत्रा नवा, रिव्हेट नवे, बोल्ट नवे. आधीचं भोक बुजवलेलं दिसून चालत नाही. दोन महिने डबा खोक्यातच होता. ग्रुपमधल्या कुणालाच हा फरक कधी कळणार नव्हता. कळला असता तो फक्त तीन माणसांना आणि त्यांतल्या दोघांना डबा नको होता.

दिवाळीच्या सुट्टीत, नवरा गावी गेलेला असताना, मी ती बाजू उचकटली. रोज सकाळी दोन तास, त्यापुढे डोळे चालत नाहीत. एका पट्टीत तीन दिवस गेले. ठिगळ आता खाली आहे, जमिनीवर टेकून बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीला. मी हिशेब करून बसवलं: काकूंची बसल्यावरची उंची अंदाजे धरून, भागिले बत्तीस. अकरा बोल्ट, एक रिकामं भोक.

फोटो काढून काकांच्या मुलाच्या फोनवर पाठवला. दुसऱ्या दिवशी मुलाने उलट लिहिलं, "बाबा बोलले बरोबर हाय. आई बोलली जेवायला या."

अजून गेले नाही. जाईन. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय, ते आधी उरकायचं आहे. नवीन डबा करायला घेतलेला नाही. टेबलावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.