भांडत भांडत चालणारी

"ओ पाव्हणं, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

आमच्या आशाताईची फेरी अशी सुरू व्हायची. कोल्हारजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. लसी, गोळ्या, बाळंतिणींच्या भेटी यांसाठी आम्ही दोघी घरोघर फिरायचो.

वाटेत कुणाची गाडी आडवी दिसली, कुणी दारात पाणी सांडलं, की ही कमरेवर हात ठेवून उभी. दोन वाक्यं फेकायची, समोरच्याला तापू द्यायचं, मग आणखी दोन. तुम्हीही तिला भांडखोरच म्हणाला असतात. मी तर लेखी म्हटलं. एका बाळंतिणीशी ती दारातल्या चपलांवरून इतकी भांडली, की ती बाई लस टोचून न घेताच बाळाला आत घेऊन गेली. मी तालुक्याला तक्रार धाडली.

"तुमी केली?"

"केली."

"मग इथून पुढं मला ताई म्हणू नका."

पुढच्याच आठवड्यात क्षयरोग तपासणीसाठी एक्स-रेची गाडी आली. आम्हा कर्मचाऱ्यांचेही फोटो काढले. आशाताईच्या फोटोत छातीची डावी बाजू सगळी पांढरी. मोठ्या तपासणीला नगरला न्यायचं माझ्याच वाट्याला आलं. एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही.

डॉक्टर रिपोर्ट बघत राहिले. "क्षय नाही. डावं फुफ्फुस जन्मापासून तयारच झालेलं नाही. गावभर चालता कशा?"

"थांबत थांबत."

"लोक विचारत नाहीत, का थांबलात म्हणून?"

"भांडत असल्यावर कोन इचारतंय?"

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ल्हानपणी आई आळशी म्हनायची. मग सासू. आळशी बाईला कोन काम देतंय? हे हापिसात कळू देऊ नका, शिस्टर."

मी कळवलं. वाटलं, तक्रार मागे घेताना कारण सांगितलं तर तिची बाजू भक्कम होईल. तालुक्याचे साहेब म्हणाले, "मग तर तिला फिरतीवर ठेवणंच धोक्याचं." आठवड्यात दुसरी बाई नेमली.

रजिस्टर परत द्यायला ती उपकेंद्रात आली.

"सांगितलंत ना?"

"तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मला ठावं हुतं."

आता ती तुटून पडणार, म्हणून मी वाट बघत राहिले. ती भांडली नाही. पायरीवर बसली, माझ्यादेखत तोंड उघडून धापा टाकल्या, बराच वेळ. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि मागं न बघता निघून गेली.