तीननावी ताई

माइकसमोर येताना ताईने चपला काढल्या, की आज पारू उत्तनकर गाणार हे आम्हाला कळायचं. स्टूल ओढून बसली तर कावेरी. आणि पर्समधून चिक्की काढून कुडूमकुडूम खायला लागली, की समजायचं, आज बंड्या आलाय. पारूची हळदीला नाचायची गाणी, कावेरीची एकट्याने ऐकायची, बंड्याची शाळकरी पोरांची खोडकर. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही तीन वेगळी माणसं आहेत. पण शब्द, चाली आणि गळा, सगळं एकाच बाईचं होतं. आम्ही तिला तीननावी ताई म्हणायचो.

आमचा स्टुडिओ भाईंदर पूर्वेला, स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्यांच्या वर. मी तिथे रेकॉर्डिस्ट. खाली मशिनींचा दणदणाट चालायचा, तो जेवणाच्या सुट्टीत थांबायचा. तेवढ्यात आवाज टिपून घ्यायचा. ताई जवळच्याच एका लॅबमध्ये रिसेप्शनला होती. माहेर उत्तनचं, कोळ्यांच्या घरातलं. लग्न होऊन भाईंदरला आलेली. डबा अर्धा टाकून ती जिना चढून यायची, आणि मशिनी सुरू व्हायच्या आत एक नवंकोरं गाणं देऊन खाली उतरायची. मी बरेच गाणारे पाहिले. असं माणूस दुसरं पाहिलं नाही.

"गाणं आधी माणूस मागतं रे सतीश, चाल नंतर," ती म्हणायची. गाणं लिहिण्याआधी तिला ते माणूस अख्खं दिसायचं. पारू कुणाला घाबरते, कावेरीचा चहा का निवतो, बंड्याला कुठल्या बाई आवडत नाहीत, हे ती शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं सांगायची. एकदा पारूच्या गाण्यात तिने सहज एक नाजूक हरकत घेतली. मी काचेपलीकडून टाळी वाजवली. ती मात्र थांबली.

"पुसून टाक ती."

"ताई, अहो, काय सुंदर आली होती!"

"म्हणूनच पूस. पारू वाऱ्यावर ओरडून गाणारी बाई आहे. तिला हे येणार न्हाय. ही कावेरीची वस्तू, चुकून हिच्या पिशवीत आली."

पुढच्या टेकला ती हरकत गळ्यात नव्हतीच.

एकदा तिच्या नात्यातल्या हळदीला तिने मला उत्तनजवळच्या डोंगरीला नेलं. पारूचं गाणं लागलं आणि मांडवातल्या सगळ्या बाया उठल्या. ताईची एक मावशी नाचता नाचता तिलाच म्हणाली, "गानं असं पायजे बघ! तूपन गातेस म्हनं, तुला येतंय का असं? न्हाय ना?"

"न्हाय गो मावशी," ताई म्हणाली, आणि मावशीचा हात धरून नाचू लागली.

परत येताना रिक्षात मी न राहवून विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर ती माझ्याकडे बघत बसली असती. नाचली असती का?"

मग तिच्या थायरॉइडला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. गळ्यातून नुसती घरघर यायला लागली. आवाज परत येईल किंवा नाहीही येणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायला गेलो, तर ती पाटीवर खडूने लिहून माझी चौकशी करत होती. घरी येऊन मी तिची गाणी लावली आणि पूर्ण न ऐकताच बंद केली.

काही महिन्यांनी, तशाच सुट्टीच्या वेळी, ती जिना चढून आली. धाप लागली होती. फाटक्या, खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "तिघंही गेली रे. पण एक म्हातारी आलीय. माइक लाव."

त्या म्हातारीचं नाव हौशीमाय. सगळा जन्म मासळी सुकवण्यात घालवलेली, कधीच न गायलेली, आणि आता घरात कुणी नाही म्हणून पहिल्यांदा तोंड उघडणारी. ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. अर्धं गाणं, अर्धं बोलणं. मध्येच श्वास संपायचा, तिथे म्हातारी गप्प व्हायची आणि मग पुढची ओळ शोधायची. जो आवाज गेला म्हणून मी रडलो होतो, त्याच्या ढिगाऱ्यातून ही बाई एक माणूस जिवंत उभं करत होती. खाली मशिनी सुरू झाल्या तरी मला थांब म्हणवेना.

हौशीमायची चार गाणी झाली. परदेशातून, खेड्यांतून लोक लिहायचे, 'या आजींना आमचा नमस्कार सांगा.'

पाचव्याच्या वेळी ताईने तोंड उघडलं आणि सूर स्वच्छ लागला. नस सुधारली होती. पारूची ती धारदार वरची पट्टी खोलीभर घुमली. मी खुर्चीतून उठून ओरडलोच, "ताई, आला! आवाज आला!"

तिने हसून मान हलवली. मग पुन्हा बसली, खालच्या सुरात हौशीमायची ओळ म्हणून पाहिली. पुन्हा पाहिली. आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हातारी गेली रे, सतीश."

"आवाज थोडा दाबून घ्या ना ताई. तुम्हाला काय अवघड आहे? कुणाला कळणारही नाही."

"गेलेल्या माणसाची नक्कल करू? ती मला वाईट दिवसांत भेटायला आली होती."

पाचवं गाणं झालंच नाही. पुढे पारूची नवी गाणी आली, कावेरीचीही आली, आणि ती पूर्वीपेक्षा सरस होती. आता आमची ती इमारत पाडली, मी दुसरीकडे काम करतोय आणि ताई मुलीकडे नाशिकला राहायला गेलीय. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली होती. माझ्या बायकोने हौसेने हौशीमायचं गाणं लावलं. ताई गप्पा मारत सोफ्यावर बसली होती. पहिला श्वास ऐकू आला, तशी ती बोलायची थांबली, उठून उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. गाणं संपेपर्यंत ती बसली नाही. मग आम्हीही उभे राहिलो.