पोलोच्या मैदानातली मेढ

कचेरीतले वरिष्ठ कारकून, म्हणजे पेशकार, सायकलसकट आडवे झाले तेव्हा मी मनातल्या मनात आकडा एकानं वाढवला. सकाळपासूनची ही सातवी घसरण. पेशकार उठले, कोपर बघितलं, शेरवानी झाडली आणि मोठ्या अदबीनं मला म्हणाले, "ओव्हरसियर साब, आपका मैदान बहुत मिलनसार है. हर आदमी को गले लगाता है."

निजामाच्या अमदानीतली गोष्ट आहे. आमचे अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, पोलोचे वेडे होते. घोड्यांचा पोलो हैदराबादेत. बीदरला सायकलींचा. चार-चार जणांच्या दोन टीम, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात लांब दांड्याची मोगरी आणि मध्ये लाकडी चेंडू. मोगरी मारायला वाकलं की सगळा तोल दोन बारीक चाकांवर येतो. घोड्याला चार पाय असतात आणि थोडी अक्कलही. सायकलला दोन्ही नाही. म्हणून सायकल-पोलोत निम्मा खेळ जमीन खेळते.

महिन्याभरात हैदराबादची टीम येणार होती. मैदान करायचं काम तामीरातीकडे, म्हणजे आताच्या पीडब्ल्यूडीकडे आलं आणि तिथून घरंगळत माझ्या डोक्यावर. मी तेव्हा हंगामी ओव्हरसियर होतो. आमचे इंजिनियर, त्यांना मोहतमीम साहेब म्हणायचं, एकच वाक्य बोलले होते.

"मैदान अच्छा बना तो मुस्तकिल. नै बना तो जाओ अपने संतपूर."

मुस्तकिल म्हणजे कायम. संतपूर म्हणजे माझं गाव. तिथे वडिलांची तूर-ज्वारीची शेती माझी वाट बघत होती आणि मी तिची अजिबात बघत नव्हतो.

पहिलं मैदान मी पुस्तकाप्रमाणे केलं. बीदरचा लाल मुरूम अंथरला, पाणी मारलं, दगडी रोलर फिरवला. दिसायला असं देखणं की तालुकदार साहेबांनी लांबून बघूनच मान डोलावली. पण उन्हानं वरचा थर सुटला. मुरमात वाटाण्याएवढ्या गोल गोट्या असतात. पुढचं चाक वळलं की गोटीवर चढतं आणि माणूस पेशकारांसारखा मैदानाच्या गळ्यात पडतो.

मग मी वर काळी माती पसरली. ट्रायलला एकही जण घसरला नाही. मी रात्री जिलबी खाल्ली. तिसऱ्या दिवशी मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. एका कारकुनाचं चाक भेगेत बसलं, सायकल थांबली आणि कारकून पुढे गेला.

मोहतमीम साहेब भेगेच्या काठावर उभे राहून म्हणाले, "क्या मियाँ, इसमें मछली पालते क्या?"

बारा दिवस उरले होते. त्या दुपारी कडब्याची गाडी घेऊन चाललेला एक म्हातारा कुंपणापाशी थांबला. कमठाण्याचे गुंडप्पा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंडात अर्धं मराठी, अर्धं कानडी. बराच वेळ माझा रोलर बघून त्यांनी विचारलं, "तम्मा, काय करायलास?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

"जमीन घट्ट करतोय, अप्पा. फुटू नये, सुटू नये, धूळ उडू नये."

"मंग खळं कर की."

मी रोलर थांबवला. माझा जन्म शेतकऱ्याच्या घरचा. दर सुगीला आमच्याकडे खळं व्हायचं, ज्वारी मळायची ती घोटीव जमीन. तिच्यावर दाणा सांडला तर बोटानं टिपता यायचा. हैदराबादेत तीन वर्षं शिकून मी ते विसरलो होतो.

"अप्पा, तुम्ही करून द्याल?"

"खळंच ना?"

"खळंच."

हा सौदा मी नीट ऐकायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी गुंडप्पा माणसं आणि बैल घेऊन आले. मुरूम चाळून गोट्या काढल्या. त्यात काळी माती आणि भुसा मिसळला, पाणी सोडून भिजू दिलं. मग मैदानाच्या मधोमध खड्डा घेऊन मेढ रोवली. मेढ म्हणजे खळ्याचा मधला खांब. त्याला दोर बांधून बैल गोल फिरवायचे, पायांनी माती बसते. गुंडप्पांच्या कारभारणीनं मेढीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा मीही खाल्ला.

वाद एकदाच झाला. "अप्पा, मैदानाला चार कोपरे असतात."

"बैलाला इचारलास का?"

शेवटी कोपरे माणसांनी धुमसानं ठोकले. वरून शेणाच्या काल्याचे हात दिले, एक वाळला की दुसरा. अकराव्या दिवशी मी सायकल घेऊन आत गेलो. चाक जमिनीला धरून चाललं. जोरात वळलो, ब्रेक दाबला. काही झालं नाही. काही न होण्याचा इतका आनंद मला नंतर कधी झाला नाही.

मॅच दुसऱ्या दिवशी चार वाजता. हैदराबादची टीम सकाळीच स्टेशनवर उतरली होती. मी म्हणालो, "अप्पा, आता मेढ काढा."

"कामून?"

"मैदानात खांब कसा चालेल?"

"खळ्यात चालतो की. रास झाल्याबिगर मेढ उपटत न्हाईत, तम्मा. तुझा बाप शेतकरी हाय ना?"

होता. म्हणूनच माझा हात पुढे होईना. दाणे मळून रास पडल्याशिवाय मेढीला हात लावलेला आमच्याकडे कोणी ऐकला नव्हता. मोहतमीम साहेब आले, त्यांनी आठ शिपायांना हुकूम सोडला. आठही शिपाई आपापल्या पायाचे अंगठे बघत उभे राहिले. सगळे आसपासच्या खेड्यांतले.

"ओव्हरसियर," साहेब शांतपणे म्हणाले, "कल चार बजे ये खंबा रहेंगा, या तुम."

मी गुंडप्पांकडे वळलो. "अप्पा, रास केवढी लागते?"

"पायलीभर पडली तरी रासच."

"मग दोन पाट्या कणसं आणतो. बैल जुंपा."

"बैल गेले कमठाण्याला. माझं सोताचं खळं पडलंय तिकडं."

एवढ्यात सरावासाठी दोन्ही टीम आल्या. हैदराबादचा कॅप्टन पांढऱ्या ब्रीचेसमधला तरतरीत जवान. खांब बघून त्यानं चौकशी केली. मोहतमीम साहेबांनी कमी सांगितलं, मी जास्त सांगितलं. तो हसला नाही. आपल्या सायकलींकडे बघून म्हणाला, "बैल तो इधर बी आठ हैं, चाचा."

गुंडप्पांनी आठही जणांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "चालंल. पर बैलाला मुसकी बांधतो आमी, दाणे खाऊ नये म्हून. ह्यांना काय बांधू?"

किल्ल्याच्या खंदकापलीकडच्या शेतातून कणसं आली, मेढीभोवती पसरली. आणि मग मी जे पाहिलं ते आजही डोळे मिटले की दिसतं. हैदराबादचे चार आणि बीदरचे चार, पेशकार धरून, मेढीभोवती गोल गोल सायकली चालवत होते. मध्ये गुंडप्पा चाबूक खांद्यावर टाकून उभे. "होऽ होऽ, आतल्या अंगानं, आतल्या अंगानं. ए शेरवानी, लवकर." दोघे घसरले, पण तो दोष दाण्यांचा, मैदानाचा नव्हे, हे सर्वांना मान्य होतं.

कारभारणीनं सुपानं उफणलं. लहानशी रास पडली. गुंडप्पांनी पहिलं माप देवाला काढलं, मग खळ्यावर राबणाऱ्याचा हक्क म्हणून प्रत्येक खेळाडूला ओंजळभर ज्वारी दिली. कॅप्टननं ती टोपीत घेतली. मीही ओंजळ पुढे केली.

"तुला न्हाई," गुंडप्पा म्हणाले. "तू नुस्ता बगायलास."

त्यांनी स्वतः मेढ उपटली, खड्डा त्याच मातीनं ठोकून भरला, वरून सारवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिची जागा मलाही दाखवता आली नसती. चेंडू सुतात गेल्यासारखा सरळ जात होता. बीदर हरलं, पण दोन पायांवर उभं राहून हरलं. साहेबांनी रिपोर्ट मागितला. मी लिहिलं, 'जमीन बैल व सायकली फिरवून दाबण्यात आली.' अक्षरशः खरं होतं. पंधरवड्यात मुस्तकिलचा हुकूम हातात पडला.

पुढच्या वर्षी गुलबर्ग्याला तसंच मैदान करायला मला पाठवलं. आता मी शहाणा झालो होतो. पहिल्याच दिवशी बजावलं, सगळं खळ्यासारखं करा, फक्त मेढ रोवायची नाही. तिथली माणसं भली, त्यांनी ऐकलं. बैल दोराशिवाय फिरले, म्हणजे मनाला येईल तिकडे फिरले. कुठे माती दबली, कुठे फुगून राहिली. मॅचमध्ये चेंडू दर वीस हातांवर वळण घेत होता.

आता तामीरातही गेली आणि जिल्हाही म्हैसूर राज्यात गेला. माझ्या हाताखाली नवे ओव्हरसियर येतात, त्यांना मी एवढंच सांगतो: दुसऱ्याची रीत उचलायची तर सगळी उचला. त्यातलं बिनकामाचं काय, हे ठरवायला आपण एकदा तरी बैलामागे चाललेले असायला हवं.