कॅरमच्या खोलीतल्या टफ्टिंगवाल्या

टफ्टिंग करणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साठतच राहतात. एक लोकरीचा भुगा आणि दुसरे लोकांचे सल्ले. भुगा व्हॅक्यूमने निघतो. सल्ल्यांचं काय करायचं, तुम्हीच सांगा!

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत हा उद्योग आम्ही तिघी करतो. मी, वैशाली आणि जयू. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर चित्र काढायचं आणि हातातल्या मशीनने त्यात लोकर ठोकत जायची. आपल्यासमोर असते ती मागची बाजू. मऊ गालिचा पलीकडे तयार होत असतो. मी मशीन मागवलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, पायपुसणी स्टेशनबाहेर ढिगाने मिळतात की!"

हा माणूस दिवस दिवस मॅच बघत बसतो, तेव्हा मी कधी म्हटलंय का, की स्कोअर उद्या पेपरात येतोच की?

*

आमच्या वरच्या मजल्यावर कित्येक महिने रिनोव्हेशन चालू होतं. ब्रेकरने भिंती फोडत होते, खाली आमच्या कपबश्या नाचत होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. मी एका दुपारी जरा वेळ मशीन चालवलं आणि लगेच मेसेज! "हा कसला आवाज? घरात पेशंट आहे!"

मेसेज कुणाचा? ज्याच्या घरी ब्रेकर चालू, त्याचाच! मी तणतणत वर गेले. विचारलं, "पेशंट कोण?"

"मीच. ह्या ब्रेकरने डोकं उठलंय हो!"

शेवटी सेक्रेटरी सावंतकाकांनी तळमजल्यावरची बंद पडलेली कॅरमची खोली दिली. "तात्पुरती हां! किल्ली माझ्याकडेच राहणार. सांगितलं की सामान उचलायचं." आम्ही जळमटं काढली, भिंती रंगवल्या, ट्यूबलाइट बदलली. घराबाहेर आपली म्हणावी अशी जागा तिघींपैकी कुणालाच आजवर मिळाली नव्हती.

*

वैशालीची आत्या मालवणहून आली होती. ती कौतुकाने खोली बघायला आली. जयूच्या गालिच्यावरचं कमळ ठोकून झालं होतं, मागून गोंद लावायचा तेवढा बाकी होता. गोंद लागेपर्यंत लोकर कापडात नुसती अडकलेली असते.

"गो, ह्यो दोरो सुटलो हा!" म्हणत आत्याने तो प्रेमाने ओढला. ओढतच गेली. आम्ही किंचाळेपर्यंत दोन पाकळ्या तिच्या हातात! आणि वर आम्हालाच ऐकवते, "कच्चा काम करतास गो तुमी!"

जयू रडकुंडीला आली. आत्याने येताना गुळाचं खाजं आणलं होतं, म्हणून ती आमच्या तावडीतून वाचली.

*

मी पहिला गालिचा मोठ्या हौसेने हॉलमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर जुनी चादर! सासूबाई म्हणाल्या, "मळेल गं, एवढ्या मेहनतीचा!" चादर काढली, तर प्लास्टिक आलं. प्लास्टिक काढलं, तर घरातले सगळे भिंतीला चिकटून पलीकडे जायला लागले.

पायाखाली घालायची वस्तू, आणि तिला पाय लावायला कुणी तयार नाही! मी इतकी भडकले की त्यावर उभी राहून दणादण उड्या मारल्या.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय धुतलेस का?"

*

मग एक दिवस सावंतकाकांना खोली परत हवी झाली. कशाला? तर मेव्हण्याचं जुनं फर्निचर ठेवायला! आम्ही रंगवलेल्या खोलीत! डोक्यात नुसती तिडीक गेली. आम्ही तिघी त्यांच्या दारात जाऊन भांडलो. शेवटी काका म्हणाले, "बरं, माघी गणपतीला बाप्पा करून दाखवा. कमिटीला पसंत पडला तर खोली वापरा. पण गालिच्यावर बाप्पा म्हणजे... पाय लागतील ना!"

"भिंतीवर लावणार हो काका!" वैशाली कडाडली.

आम्ही जीव ओतून काम केलं. घरोघरी असतो तसा डाव्या सोंडेचा बाप्पा काढला. गोंद सुकतोय तोवर कमिटी दारात हजर. पुढची बाजू निरखायला फुरसत कुणाला! घाईघाईत चौकटीवरून सोडवला, उलटवला आणि खोलीच्या भिंतीवर लावला. काकांनी हौसेने पुढे होऊन हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आरती झाली.

आरती संपता संपता जयूने माझा दंड धरला. "अगं, चित्र उलटं काढायला हवं होतं!"

मागून काम करायचं म्हणजे चित्र आरशातल्यासारखं काढावं लागतं. आजवर आम्ही कमळं न् फुलंच केली होती, त्यांना डावं-उजवं नसतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाप्पाची सोंड उजवीकडे वळली होती.

तेवढ्यात काकांनाही दिसलं. चेहरा पांढराफटक! "अहो, हा उजव्या सोंडेचा! हा कडक असतो! ह्याला सोवळं लागतं, रोजची पूजा चुकून चालत नाही. आणि आता पूजा झाल्यावर हलवायचा कसा?" कमिटीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागला. "रोजचं करणार कोण?" काकांनी विचारलं, तसा जो तो एकेक पाऊल मागे सरकला.

मला वाटलं, गेली खोली. वैशालीने मात्र पुढे होऊन काकांसमोर हात पसरला.

"आम्ही करू. रोज. किल्ली द्या."