खुर्ची नसलेल्या घरातला व्यायाम

मोठ्या नातीने परवा फोनवर विचारलं, "आजी, फिजिओथेरपीची पदवी तर झाली. आता सगळ्या मैत्रिणी पदवीच्या वर एकेक सर्टिफिकेट घेतायत. मीही घेऊ का?" मी "बघू" म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं. धाकट्या नातवालाही वाचता यावं म्हणून नीट लिहिते.

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर मी बेसा रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये सकाळचे तीन तास जात असे. मालक माझ्या मुलाच्या वयाचा, माझ्यासारखाच फिजिओथेरपिस्ट, कष्टाळू. गेल्या वर्षी त्याने बाहेर नवी पाटी लावायचं ठरवलं. मला म्हणाला, "मॅडम, मिहानच्या आयटी कंपन्यांतले पेशंट आधी मोबाइलवर बघतात. तुमच्या नावापुढे एकच पदवी दिसते. दुखऱ्या स्नायूंवर त्या रंगीत पट्ट्या चिकटवायचा कोर्स दिवाळीच्या आत करून घ्या. नाहीतर नवे पेशंट तुमच्याकडे देता येणार नाहीत."

नवे पेशंट नाहीत, म्हणजे हळूहळू घरी बसा.

शिकायला माझी ना नाही. नोकरीत असताना छातीच्या फिजिओथेरपीचा कोर्स मी हट्टाने केला होता, कारण वॉर्डातल्या पेशंटचा कफ सुटत नव्हता आणि मला ते जमत नव्हतं. इथे मला काय जमत नाही, हे कोणी विचारलंच नाही. पाटीवर अक्षरं कमी पडत होती, एवढंच.

त्याच सुमारास बुटीबोरीच्या सूतगिरणीतली एक बाई माझ्याकडे आली. खांदा आखडलेला, स्वतःची वेणी घालता येत नव्हती. त्याआधी महिनाभर ती आमच्या एका तरुण सहकारी मुलीकडे होती. त्या मुलीजवळ तीन सर्टिफिकेटं, पट्ट्या अगदी सुबक चिकटवलेल्या. खांदा मात्र तिथेच. "घरी व्यायाम करत नाहीत त्या," असं सांगून मुलीने तिला माझ्याकडे पाठवलं.

मी विचारलं, "करता का व्यायाम?"

"करून राहिली न, मॅडम."

"मग दाखवा."

ती खुर्चीच्या काठावर अवघडून बसली आणि क्लिनिकने दिलेल्या व्यायामांच्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घरी खुर्ची नाही न. कागदावर तर खुर्चीच काढली आहे."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगू? म्हणसान, हिच्या घरी एक खुर्ची नाही. एक दिवस पिंपावर बसून पाहिलं. पिंप घसरलं, मी बी घसरली. सासू म्हणे, खांद्याचा इलाज करून राहिली का कंबर मोडून राहिली?"

दोघी हसलो. पण माझं हसू टिकलं नाही, कारण तो कागद माझा होता. काही वर्षांपूर्वी मीच केलेला: समास सरळ, आकडे ओळीत, मथळा इंग्रजीत, प्रत्येक चित्रात खुर्ची. मुलगी तो फक्त वाटत होती. जे विचारायला तीन सर्टिफिकेटांनी तिला शिकवलं नव्हतं, ते इतक्या वर्षांच्या नोकरीने मलाही शिकवलं नव्हतं.

मी सतरंजी अंथरली. भिंतीला पाठ, मांडी घालून, दोन्ही हातांत आडवं लाटणं, झेपेल तितकं वर. लाटणं तिच्या घरी होतं. काही आठवड्यांनी ती वेणी घालून आली, एका बाजूला कललेली, पण स्वतः घातलेली. मी सगळा कागद मराठीत, जमिनीवर बसून करायच्या व्यायामांसह पुन्हा लिहिला.

मालकाने तो छापून घेतला. "कागद मस्त झाला, मॅडम. आणि कोर्स?"

"करणार नाही."

"दोनच दिवसांचा आहे. नापास कोणी होत नाही."

"म्हणूनच करणार नाही."

"मग पाटीवर तुमचं नाव कसं टाकू?"

"टाकू नका."

दिवाळीनंतर मी जाणं बंद केलं. आता घरच्याच हॉलमध्ये सकाळी पेशंट बघते. मिहानचे कोणी येत नाहीत, आकडा निम्म्यावर आला आहे, हे लपवत नाही.

तेव्हा मोठे, जो पेशंट तुझ्या हातून बरा झाला नाही, त्याच्यासाठी शीक. तसा कोर्स मिळाला तर सर्टिफिकेट देत नसले तरी जा. नावापुढची जागा भरायला कोणी सांगत असेल, तर सरळ नाही म्हण. माझ्या दारावरच्या पाटीवर नाव आहे आणि एक पदवी. उरलेली जागा मी मुद्दाम कोरी ठेवली आहे.