मोगऱ्याच्या वासाची खोली

ती खोली मीच निवडली होती. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही तावातावानं बोलले तरी मला कुणी त्याची आठवण करून द्यायला नको.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या अलीकडं. आई गोठ्यात शेणावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी बारामतीत शाळेत शिकवते, त्यामुळं दवाखाना शोधायचं काम माझ्याकडं आलं. नव्यानं उघडलेल्या एका हॉस्पिटलचं नाव तेव्हा जो तो घेत होता. मी बघायला गेले. दार उघडल्याबरोबर मोगऱ्याचा वास आला. कुठंतरी सनई वाजत होती, अगदी हळू. पिवळा मऊ उजेड, छताला सोनेरी वेलबुट्टी, पडद्यांना जरीसारखे काठ, दारात दोन मुली हात जोडून उभ्या. काउंटरवरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘इथे तुम्हाला दवाखान्यात आल्यासारखं वाटणार नाही.’ मला ते वाक्य फार आवडलं. आयुष्यभर शेणामुतात राबलेली माझी आई चार दिवस तरी सुगंधात राहील, असं माझ्या मनात आलं आणि मी वरच्या मजल्यावरची स्पेशल खोली घेऊन टाकली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरांचा हात चांगला होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईसाठी पेज आली. मी चमचा पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला.

“आधी पावण्यांना वाढा,” ती म्हणाली.

मला वाटलं, भुलीचा अंमल असेल. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी नर्स सलाईन बघायला आली, तर आईनं तिलाच विचारलं, “तुमी वराकडच्या का?”

“आजी, मी सिस्टर आहे.”

“असू द्या. बसा. जेवल्याबिगर जाऊ नका.”

नर्स हसली, मीही हसले. आता ते हसणं आठवलं की माझाच मला राग येतो. कारण आई चेष्टा करत नव्हती. ती घास घेत नव्हती, पाणीसुद्धा मागत नव्हती. हाताला लावलेली सुई दोनदा उपसून काढली, कारण तिला उठून पंगतीकडं बघायला जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशननंतर असा गोंधळ उडतो, उतरेल. पण तिसऱ्या दिवशीही तो उतरला नाही. मग त्यांनी मला बाहेर बोलावलं. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ती नळी तिनं ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं. पण हात बांधणं चांगल्या शब्दांत सांगितलं तरी ते हात बांधणंच असतं.

त्याच सकाळी तात्या आले. तात्या म्हणजे माझे वडील. म्हशीची धार काढून, हातपाय धुऊन न धुऊन, पहिल्या एसटीनं ते तडक बारामतीला आले होते. ते पलंगाजवळ वाकले आणि आईनं डोळे उघडले.

“काढली का धार?” तिनं विचारलं. “दिलं का दूध तिनं?”

“दिलं की.”

“तुमाला कसं दिलं?”

तीन दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं शहाणं बोलणं. तेवढ्यात सफाईवाली ताई आत आली, तिनं नाक मुरडलं आणि तात्यांच्या अंगावरून, पलंगावरून, सगळीकडून फवारा मारला. मोगराच. मिनिटभरात आईनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, “व्याह्यांची पंगत उठली का न्हाय अजून?”

मी आईला विचारलं, “आई, आपण कुठं आलोय?”

“कुठं म्हंजे? कार्यालयात.”

मी खोलीतून बाहेर पडले, जिन्यापर्यंत गेले, तिथल्या उघड्या खिडकीत चार श्वास घेतले आणि परत आले. दार उघडलं. मोगरा, सनई, पिवळा उजेड, जरीचे काठ. अरे, हे तर खरंच मंगल कार्यालय होतं. तिची बुद्धी कुठंच गेली नव्हती. नाक, कान, डोळे तिला जे सांगत होते त्यावर तिनं विश्वास ठेवला होता. आणि लग्नात मुलीच्या आईनं व्याह्यांच्या आधी जेवायचं नसतं, ही आमच्याकडची रीत तिनं पाळली होती. ‘दवाखान्यात आल्यासारखं वाटणार नाही’ हे पाटीवरचं वचन त्यांनी शब्दशः पाळलं होतं.

आमच्या भागातल्या माणसांना वासावरून जागा कळते. एसटीत डोळा लागला तरी मळीचा वास आला की कारखाना जवळ आला हे समजतं, ओल्या दगडाचा आणि बुक्क्याचा वास आला की नरसिंहाच्या देवळाच्या पायऱ्या. आईला तर वैरण भिजली की नुसत्या वासावरून अंधारात कळायचं. अशा बाईच्या नाकात तीन दिवस खोटं कोंबत राहायचं आणि वर म्हणायचं, आजी भ्रमिष्ट झाल्या.

मी मॅनेजरबाईंकडं गेले. पस्तिशीच्या असतील, बोलायला गोड, माझं सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

“मॅडम, हा आमचा खास सुगंध आहे,” त्या म्हणाल्या. “पुण्याहून डिझायनर आले होते. वास, आवाज, लाइट, सगळं एकत्र बसवलंय. त्यानं पेशंटचं मन शांत होतं.”

“माझ्या आईचं मन इतकं शांत झालंय की ती उपाशी मरेल. तो वास बंद करा.”

“एका खोलीपुरता बंद होत नाही. मजल्याला एकच मशीन आहे.”

“मग मजल्याचा करा.”

“बाकीच्यांना आवडतो ना पण. सगळे फॉर्मवर छान लिहून जातात.”

“माझ्या आईला फॉर्म दिला होता का? ती आवडलं म्हणूनच लिहील. लग्नात नावं ठेवायची तिला सवय नाही.”

त्या हसल्या. म्हणाल्या, लेखी अर्ज द्या, सोमवारच्या मीटिंगमध्ये ठेवू. तो दिवस शुक्रवार होता आणि नळी संध्याकाळी घालायची होती.

तात्या माझ्या मागं उभे होते. टोपी हातात घेऊन, सावकाश, जणू डेअरीत दुधाची तक्रार सांगावी तसं ते बोलले, “मॅडम, आमच्या म्हशीला ह्या बाईच्या हाताची सवय हाय. दुसरं कुणी बसलं का पान्हा चोरती. मग मी काय केलं, तीन दिस झालं हिचं लुगडं नेसून धार काढतोय. न धुतलेलं. त्या वासावर ती दूध देती.”

ते खरं होतं. पहिल्या दिवशी मी गावी गेले तेव्हा दोरीवरचं ते लुगडं धुवायला घेतलं होतं, तर तात्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं होतं. आमच्याकडं हे नवीन नाही. घरची बाई माहेरी गेली, बाळंत झाली, आजारी पडली, की पुरुष तिचं लुगडं अंगाला गुंडाळून म्हशीखाली बसतात आणि त्याला कुणी हसत नाही.

“तर माझं म्हणणं एवढंच हाय,” तात्या म्हणाले, “जनावराला वासानं इतकं कळतं, मग माणसाला कळत न्हाय व्हय?”

मॅनेजरबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. दारातल्या त्या हात जोडणाऱ्या मुलींनी तेवढंही केलं नाही. सत्तरीच्या पुढचा माझा बाप एका म्हशीचं मन राखायला लुगडं नेसून बसतो, आणि सुगंधाचा धंदा करणाऱ्या या माणसांना माणसासाठी एक बटण बंद करता येत नव्हतं. मी शाळेत कधी आवाज चढवत नाही. तिथं चढवला. वरच्या मजल्यावरून लोक डोकावून बघायला लागले.

शेवटी मी म्हटलं, आम्हाला खालच्या जनरल वॉर्डात हलवा.

“तिथं तुम्हाला आवडणार नाही,” त्या म्हणाल्या. “तिथं ही व्यवस्था नाही.”

“म्हणूनच.”

दुपारी दोनला आईला खाली आणलं. आठ पलंगांचा वॉर्ड, ट्यूबलाइट, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. फरशी नुकतीच फिनेलनं पुसलेली. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचा डबा उघडा होता, मेथीची भाजी आणि भाकरी. स्पिरिटचा वास तर भिंतीत मुरलेला. आई थोडा वेळ पडून राहिली. मग तिनं नाक वर केलं आणि दोन-तीनदा हुंगलं.

“दवाखाना हाय व्हय हा?”

“होय, आई.”

“कुणाला काय झालंय?”

मी सांगितलं. ती गोठ्यात पडली, हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिनं हात खाली नेऊन मांडीवरची पट्टी चाचपली आणि रडली. मी तिला रडू दिलं. ती रडताना बघून तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, कारण आता ती जिथं होती तिथंच होती. डोळे पुसून तिनं तात्यांना विचारलं, धार कोण काढतंय. त्यांनी लुगड्याचं सांगितलं, तर म्हणाली, “निऱ्या तरी नीट घालताव का?” आणि लगेच, “मला भूक लागलीया.”

शेजारच्या बाईंनी न सांगता अर्धी भाकरी काढून दिली. कँटीनमधून दूध आणलं. मी भाकरी कुस्करली आणि आईनं वाटीभर खाल्लं. संध्याकाळी डॉक्टर आले, नळीचा विषय संपला. हा गोंधळ आपोआपही उतरला असता, असं ते म्हणाले. असेल. त्यांचा अभ्यास आहे. मला मात्र कुणी ते पटवायला येऊ नये.

आई उशीला टेकून बसली होती. चांगली शुद्धीत होती, म्हणून मी सहज विचारलं, वर तुला लग्न वाटत होतं ते कुणाचं?

“तुजंच की,” ती जरा लाजली. “तवा बी मोगऱ्याचं दीस हुतं.”

“मग त्या दिवशी शेवटी जेवलीस कधी?”

“त्या दिशी? न्हाय जेवले.”

“न्हाय म्हणजे?”

“व्याह्यांची पंगत उठली, मग तुज्या सासरच्या बाया बसल्या, मग गाव बसलं. माझी पाळी आली तवर भात संपला हुता. घरी जाऊन धार काढली नि पडले.”

तात्यांनी मान वर केली. त्यांनाही हे माहीत नव्हतं, ते तर पंगतीत वाढत होते.

“कुणाला सांगितलं का नाहीस?”

“कुणी इचारलंच न्हाय,” आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, शेजारच्या बाईंना भाकरी कुठल्या ज्वारीची ते विचारावं तितक्या साधेपणानं ती बोलली. “तू तर गाडीत बसली हुतीस.”

सकाळी मी त्या मॅनेजरबाईंच्या अंगावर ओरडले होते की माझी आई का जेवत नाही, हे तुमच्यापैकी एकानं तरी तिला विचारलं का. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. मीही विचारलं नव्हतं.